शाफ्टचा बुश ढिला झालाय? नवा मागवण्याआधी झीज वाचा

१ जूनला मासेमारी बंदी लागते, नौका किनाऱ्यावर शाकारल्या जातात आणि आमच्याकडे ठरावीक प्रश्न यायला लागतात. "गेल्याच वर्षी बुश बदलला, यंदा शाफ्ट पुन्हा हलतो. असे का?" "एक मेस्त्री म्हणतो बुश बदला, दुसरा म्हणतो शाफ्ट बाद झाला, तिसरा म्हणतो इंजिन बसले. खरे कोणाचे मानायचे?" विचारणारे सातपाटीचे असोत, हर्णैचे, मिरकरवाड्याचे किंवा गोव्यातल्या मालीमचे, बहुतेकांची नौका जुनी आणि लाकडी असते. बंदीचे ६१ दिवस संपायच्या आत काम उरकायचे असते, त्यामुळे जो मेस्त्री आधी हाताला लागतो त्याचेच म्हणणे खरे मानले जाते.

तिन्ही मेस्त्री आपापल्या जागी बरोबर असू शकतात. बुश झिजतो तेव्हा झिजण्याचे कारण बहुधा दुसरीकडे असते आणि त्या कारणाच्या खुणा बुशवर व शाफ्टवर उमटलेल्या असतात. त्या न वाचता नवा बुश ठोकला, की पुढच्या जूनला तोच खर्च पुन्हा दारात उभा राहतो. म्हणून या लेखात बुश बसवण्यापेक्षा तपासणीवर अधिक भर दिला आहे. तपासणी तुम्ही आणि तुमचा तांडेल मिळून करू शकता. बसवण्याचे काम चांगल्या फिटरकडेच द्या.

हे मार्गदर्शन आत इंजिन असलेल्या, एका पंख्याच्या नौकांसाठी आहे. मागे टांगायच्या मशीनला ते लागू नाही.

ढिले नेमके काय झाले आहे?

इंजिनापासून पंख्यापर्यंतची साखळी एकदा डोळ्यांसमोर आणा. इंजिन, गिअर बॉक्स, कपलिंग, शाफ्ट, लांब शाफ्ट असल्यास मध्ये एखादा प्लमर ब्लॉक, मग ग्लँड, स्टर्न ट्यूब, ट्यूबच्या मागच्या तोंडाशी बुश आणि शेवटी पंखा. "मागे शाफ्ट हलतो" एवढ्यावर बुशला दोष देऊ नका. पंख्याजवळ हलणाऱ्या शाफ्टमागे पाच वेगवेगळी कारणे असू शकतात:

- बुशचे आतले भोक झिजून मोठे झाले आहे.
- बुश ठीक आहे, पण बुशमध्ये फिरणारा शाफ्टचा भाग झिजून बारीक झाला आहे.
- बुश बाहेरून सुटला आहे, म्हणजे तो स्टर्न ट्यूबमध्येच हलतो किंवा शाफ्टबरोबर फिरतो.
- स्टर्न ट्यूबच लाकडात ढिली झाली आहे.
- मागचे सगळे घट्ट आहे, पण गिअर बॉक्सचे किंवा प्लमर ब्लॉकचे बेअरिंग गेल्यामुळे शाफ्ट पुढून नाचतो.

चौथे कारण जुन्या लाकडी नौकांत आपल्याला वाटते त्याहून जास्त वेळा सापडते आणि सगळ्यात जास्त वेळा नजरेतून सुटते. ट्यूबच्या फ्लँजभोवती पाणी पाझरत असेल, तिथले लाकूड काळे पडले असेल किंवा नखाने खरवडल्यावर भुसभुशीत लागत असेल, तर आधी बोटबांधणीच्या सुताराला बोलवा. लेथवाला नंतर. कुजक्या लाकडावर पुट्टी थापून काही होत नाही. बोल्ट धरायला लाकूडच उरलेले नसते.

लक्षणे

ठराविक आरपीएमला पिछाडीचा थरकाप वाढतो. पंखा हळू फिरताना तळातून ठकठक ऐकू येते. ग्लँड आवळल्यावर एक-दोन फेऱ्यांतच पुन्हा गळू लागते, दोरी सारखी जळते किंवा लवकर खाल्ली जाते. कपलिंगचे बोल्ट वारंवार सैल होतात. यातली दोन लक्षणे एकत्र दिसली, तर बंदीची वाट पाहू नका. खाडीत ओहोटीला नौका कोरडी पडते तेव्हा पंखा दोन-तीन तास उघडा असतो, तेवढ्या वेळात पहिली तपासणी होते. नौकेला दोन्ही बाजूंनी टेकू द्या आणि पंख्याला हात लावण्याआधी इंजिनाची किल्ली तुमच्या खिशात असू द्या. बॅटरीची तारही काढून ठेवा.

मोजायचे कसे?

गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. पंख्याच्या पुढे, बुशच्या अगदी जवळ शाफ्टखाली लाकडी दांडा घालून शाफ्ट वर उचला आणि सोडा. मग डावीकडे-उजवीकडे ढकला. एका माणसाने उचलायचे आणि दुसऱ्याने बुशच्या तोंडाशी बारकाईने पाहायचे: शाफ्ट बुशमध्ये हलतो, बुश ट्यूबमध्ये हलतो, की ट्यूबच हलते? ट्यूब आणि लाकूड यांच्या सांध्यावर बोट ठेवले तर हालचाल डोळ्यांआधी बोटाला कळते.

नंतर फीलर गेजने वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे अशा चार जागी फट मोजा आणि चारही आकडे कागदावर लिहून ठेवा. शाफ्ट स्वतःच्या वजनाने खाली टेकलेला असतो, म्हणून वरची फट मोठी दिसणे स्वाभाविक आहे. डायल गेज मिळाला तर उत्तम. मात्र त्याचे चुंबकी स्टँड लाकडाला किंवा पितळेला चिकटत नाही, ते शिकंजात धरावे लागते.

किती प्ले चालेल?

नव्या बुशमध्येही फट असतेच, ती मुद्दाम ठेवलेली असते. पाणी किंवा ग्रीस तिच्यातूनच फिरते. ५० मिलिमीटरच्या शाफ्टला ही फट मिलिमीटरच्या काही दशांशांइतकी असते. बुश बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात शाफ्टच्या मापानुसार नवी फट आणि बदलण्याची मर्यादा दिलेली असते. तो तक्ता विक्रेत्याकडे मागा, तोच प्रमाण माना. तक्ता हाती नसेल तर आमचे मत असे: या मापाच्या शाफ्टला प्ले एक मिलिमीटरपर्यंत पोहोचला असेल तर तो बुश पुढचा पूर्ण मोसम काढील असे गृहीत धरू नका, आणि दीड मिलिमीटरच्या वर असेल तर तो घेऊन समुद्रात जाऊच नका.

झीज काय सांगते?

बुश काढल्यावर तो भंगारात टाकण्याची घाई करू नका. तो पुसा, उजेडात धरा आणि शाफ्टचा त्याच जागेचा भाग शेजारी ठेवून दोन्ही एकत्र पाहा. सगळे निदान इथेच आहे.

*बुश एकाच बाजूने झिजला आहे आणि शाफ्ट मात्र सगळीकडून सारखा.* शाफ्ट कायम बुशच्या एकाच बाजूला घासत होता, म्हणजे दोघांची रेष जुळत नाही. इंजिनाचे माउंटिंग बसले असेल, इंजिनाखालचे लाकूड दबले असेल किंवा नौकेच्या तळाचा आकार वर्षांनुवर्षांत बदलला असेल. इथे नुसता बुश बदलून उपयोग नाही.

*शाफ्ट एका बाजूने झिजला आहे आणि बुश सगळीकडून सारखा.* उलट प्रकार. शाफ्टची ठराविक बाजूच बुशला घासत फिरते. म्हणजे शाफ्ट वाकला आहे किंवा पंख्याचा तोल गेला आहे. पंख्याचे एखादे पाते ओंडक्यावर आदळून वाकले होते का, किंवा जाळ्याचा दोर गुंडाळून इंजिन अचानक बंद पडले होते का, ते खलाशांना विचारा. असे प्रसंग मालकापर्यंत नेहमी पोहोचतातच असे नाही. रागावून विचारलेत तर खरे उत्तर मिळणार नाही.

*बुश मागच्या तोंडाशी खालून आणि पुढच्या तोंडाशी वरून झिजला आहे.* शाफ्ट बुशमध्ये तिरका बसला होता. अलाइनमेंटच बिघडली होती, फक्त या वेळी उंचीऐवजी कोन चुकला होता.

*मागच्या तोंडाशी खाली थोडी जास्त झीज, बाकी ठीक.* जड पंखा टांगलेला असतो, तेव्हा इतके साहजिक आहे. बुशचे वय संपले एवढाच त्याचा अर्थ.

*आत लांब, खोल ओरखडे.* रेती आणि गाळ. ज्या खाड्यांची मुखे गाळाने भरली आहेत तिथे ओहोटीला तळ घासत निघणाऱ्या नौकांचे बुश असेच जातात. सातपाटीच्या मच्छीमारांना हे सांगायला नको. इथे दोष बसवणाऱ्याचा नाही. भरतीची वेळ पाळणे आणि उथळ पाण्यात आरपीएम कमी ठेवणे एवढेच हातात आहे.

*रबर जळून चकाकते आहे, काळे तुकडे निघाले आहेत किंवा गनमेटल निळसर पडले आहे.* बुश कोरडा चालला. रबरी बुशला समुद्राचे पाणी थंड ठेवते. ते पाणी आत घेणारी भोके बार्नकलनी किंवा रंगाच्या थरांनी बुजली असतील. ग्रीसवर चालणाऱ्या बुशची नळी तुंबली असेल. आणखी एक कारण वारंवार आढळते: शाकारलेल्या नौकेवर "इंजिन जरा चालवून बघू" म्हणून गिअर टाकला जातो. जमिनीवर कोरड्यात शाफ्ट फिरवू नका, मिनिटभरसुद्धा नाही.

कोणता बुश घ्यावा?

*पितळी कवचातला रबरी बुश.* आत रबराच्या उभ्या पट्ट्या आणि मधल्या खाचांतून पाणी. गाळाचे कण खाचांतून बाहेर पडतात, त्यामुळे खाडीत चालणाऱ्या नौकांना हा सोयीचा. याची लांबी साधारण शाफ्टच्या व्यासाच्या चौपट असते, म्हणजे ५० मिलिमीटर शाफ्टला सुमारे २०० मिलिमीटर. दुकानात असलेला आखूड बुश "चालतो हो" म्हणून कोणी देऊ लागला तर घेऊ नका. ट्यूब लोखंडी असेल तर पितळी कवच आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांना सोसत नाहीत, लोखंड खाल्ले जाते. तिथे बिगर-धातूचे कवच मागा.

*गनमेटलचा बुश.* ग्रीसवर चालतो, गावातल्या लेथवर बनतो, म्हणून आपल्याकडे अजून प्रचलित आहे. खरे गनमेटल म्हणजे साधारण ८८ टक्के तांबे, १० टक्के कथिल आणि २ टक्के जस्त. फसवणूक होते ती इथे: गनमेटल म्हणून साधे पितळ दिले जाते. पितळात जस्त भरपूर असते. खाऱ्या पाण्यात ते निघून जाते आणि मागे गुलाबीसर, ठिसूळ धातू उरतो. तुमच्या जुन्या बुशची कड मोडून पाहा. गुलाबी दिसली तर गेल्या वेळी काय मिळाले होते ते कळेल.

*नायलॉनचा बुश.* स्वस्त, लेथवर पटकन होतो. पण साधे नायलॉन पाणी पिऊन फुगते. कोरडे असताना बरोबर बसलेला बुश पाण्यात शाफ्ट आवळून धरतो आणि तापतो. जहाजांसाठी खास बनवलेले प्लास्टिकचे बेअरिंग मिळते, ते वेगळे आणि चांगले असते. बाजारातल्या नायलॉनच्या दांड्यापासून केलेला बुश मात्र आम्ही कोणालाही सुचवणार नाही.

शाफ्टचे काय करायचे?

नवा बुश नव्या मापाचा असतो आणि शाफ्ट जुन्या झिजेचा. शाफ्टवर नखाला अडेल अशी पायरी लागत असेल, तर त्याच जागी नवा बुश घालणे व्यर्थ आहे. तीन पर्याय उरतात. झिजलेल्या जागी स्लीव्ह बसवणे, वेल्डिंगने भर घालून लेथवर कातणे, किंवा नवा शाफ्ट. वेल्डिंगचा पर्याय स्वस्त म्हणून पुढे केला जातो, पण उष्णतेने शाफ्ट वाकतो आणि भर घातलेल्या कडेला तडा जाण्याची भीती राहते. शाफ्ट समुद्रात तुटला तर पंख्यासकट मागे निसटू शकतो आणि ट्यूबच्या भोकातून पाणी आत येऊ शकते. त्यामुळे मापात बसत असेल तर स्लीव्ह, नाहीतर नवा शाफ्ट, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नवा शाफ्ट घेताना ३०४ जातीच्या स्टीलऐवजी ३१६ मागा. स्टर्न ट्यूबमध्ये पाणी साचून राहते, तिथे ३०४ ला बारीक खड्डे पडतात. शाफ्ट लेथवर दोन टोकांत धरून डायल गेज लावून सरळ आहे की नाही ते तुमच्यासमोर दाखवायला सांगा. "नवा आहे, सरळच असणार" हे उत्तर चालवून घेऊ नका.

काढणे आणि बसवणे: कामावर लक्ष ठेवताना

फिटर काम करत असताना तुम्ही तिथे हजर राहा. क्रम असा असावा:

1. कपलिंग सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर खुणा. शाफ्ट किती आत आहे त्याचीही खूण.
2. पंख्याचा नट आणि पिन काढून पुलरने पंखा ओढणे. हातोड्याने ठोकून काढलेला पंखा शाफ्टला किंवा गिअर बॉक्सला दुखापत करून निघतो. लाकडी नौकेखाली, तेही डिझेलच्या टाकीजवळ, गॅसची ज्योत नको.
3. शाफ्ट मागे ओढायला सुकाणू आडवे येत असेल तर ते उतरवणे. ते काम टाळण्यासाठी शाफ्ट तिरका करून काढू देऊ नका.
4. बुशला धरून ठेवणारे छोटे स्क्रू आधी पूर्ण काढणे. ते विसरून बुश ओढला तर ट्यूब खराब होते.
5. लांब आटेदार दांडा आणि चकत्यांच्या पुलरने बुश बाहेर ओढणे. अडलाच तर करवतीच्या पात्याने आतून उभा चिरून दाबणे, पण पाते ट्यूबला लागता कामा नये.
6. ट्यूब आतून साफ करून तिचे माप घेणे, आणि त्या मापावरून नवा बुश बनवणे किंवा घेणे. जुन्या बुशच्या मापावरून नाही.
7. नवा बुश बर्फात थंड करून दाबून बसवणे, ठोकून नाही. रबरी बुशला साबणाचे पाणी लावा, तेल-ग्रीस लावू नका.
8. छोटे स्क्रू बुशला जेमतेम टेकतील एवढेच. जास्त आवळले तर बुश आतल्या बाजूला दबतो आणि शाफ्ट तिथे घासतो.

बुश ट्यूबमध्ये सैल बसतो म्हणून त्यावर पंचचे ठोके मारून फुगवणे, पत्र्याची पट्टी घालणे, चिकटद्रव्य ओतणे, हे सगळे प्रकार आपल्याकडे चालतात. बंदरापर्यंत परत यायला ते ठीक आहेत, मोसमाला नाहीत. ट्यूबचे भोक मोठे झाले असेल तर बुशचे बाहेरचे माप वाढवून घ्या.

पंखा परत बसवण्याआधी त्याचाही तोल आणि पात्यांची घडण तपासून घ्या. ग्लँडची दोरी पूर्ण नवी घाला, जुन्या कड्यांवर एक नवे कडे चढवू नका. प्रत्येक कड्याचा सांधा वेगळ्या बाजूला यायला हवा. शाफ्ट-पंख्याला गंजापासून वाचवणारे जस्ताचे तुकडे अर्धे संपले असतील तर बदला आणि त्यांच्यावर रंग लावू देऊ नका, रंग लावलेले जस्त काम करत नाही.

अलाइनमेंट पाण्यात उतरल्यावरच

लाकडी नौकेच्या बाबतीत सर्वात जास्त घाई होते ती या पायरीला. दोन महिने किनाऱ्यावर उभ्या असलेल्या नौकेच्या फळ्या सुकतात, आणि टेकूंवर उभ्या नौकेचा तळ पाण्यात तरंगणाऱ्या तळासारखा राहत नाही. किनाऱ्यावर केलेली अलाइनमेंट कच्ची समजा. नौका पाण्यात उतरवल्यावर किमान एक-दोन दिवस थांबा, डिझेल, पाणी आणि जाळी यांचे नेहमीचे वजन चढवा, मग कपलिंग पुन्हा सोडून मोजा.

मोजणी अशी. दोन्ही फ्लँज जवळ आणा, पण बोल्ट लावू नका. शाफ्टचे मोकळे टोक आणि त्यावरचे कपलिंग स्वतःच्या वजनाने खाली झुकलेले असते, त्याला नेमका आधार द्या, नाहीतर आकडे खोटे येतील. वर, खाली, डावी, उजवी अशा चार जागी फीलर गेजने फट मोजा. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या फटीतला फरक फ्लँजच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून अधिक नसावा. १५० मिलिमीटर फ्लँजला ०.१५ मिलिमीटर. फरक जास्त निघाला तर शाफ्टची बाजू अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा. मोठी फट शाफ्टबरोबर फिरली तर दोष शाफ्टचा किंवा कपलिंगचा आहे. फट जागच्या जागी राहिली तर इंजिन सरकवायचे आहे, म्हणजे माउंटिंगखाली पत्र्याचे शिम घालायचे आहेत. बोल्ट पूर्ण आवळल्यावर तीच मोजणी आणखी एकदा करा, कारण आवळताना इंजिन सरकते.

पहिल्या फेरीला ग्लँडमधून शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब पडू द्या. अजिबात थेंब नाही आणि ग्लँड हाताला चटका देते, तर ती जास्त आवळली गेली आहे. ग्रीसवाल्या बुशला इंजिन सुरू करण्याआधी दर वेळी ग्रीस पंप करायची जबाबदारी एकाच खलाशाकडे सोपवा.

समुद्रातच ढिला झाला तर?

आरपीएम कमी करा आणि ज्या वेगाला थरकाप सर्वात जास्त होतो तो वेग टाळा. जाळी ओढू नका. तळातले पाणी पाहायला एक माणूस कायमचा बसवा आणि पंप चालतो की नाही ते लगेच तपासा. ग्लँड तापली असेल तर ती सैल करून थेंब वाढवा. घाबरून आणखी आवळू नका. पाणी पंपाला आवरत नसेल तर थांबण्यात अर्थ नाही: व्हीएचएफवर १६ नंबरच्या चॅनलवर हाक द्या, तटरक्षक दलाच्या १५५४ क्रमांकावर कळवा, नौकेवर डॅट यंत्र असेल तर त्याचे बटण दाबा. सागरी पोलिसांचा क्रमांक १०९३ आहे. हे क्रमांक सुकाणूजवळ रंगाने लिहून ठेवा.

दरपत्रक, बिल आणि तुमचे हक्क

काम तोंडी ठरवू नका. दरपत्रकात बुशचा प्रकार आणि धातू, शाफ्टची तपासणी, अलाइनमेंट (किनाऱ्यावरची आणि पाण्यातली वेगवेगळी), नौका ओढण्या-उतरवण्याचा खर्च आणि काम संपण्याची तारीख लिहून घ्या. काढलेले भाग परत मिळतील, असेही लिहा. जुना बुश आणि जुना शाफ्ट हाच पुढे वाद झाला तर तुमचा पुरावा. झिजलेल्या भागांचे फोटो काढून ठेवा.

बिल मागितल्यावर न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. "गनमेटल" हा शब्द बिलावर असला पाहिजे, नुसते "बुश" नको.

काम सदोष निघाले तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. काही गोष्टी लक्षात ठेवा:

- तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते.
- तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. काम दुसऱ्या जिल्ह्यात झाले असले तरी चालते.
- दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही.
- आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करून पाहा. कित्येकदा तेवढ्यानेच तडजोड होते.

एक अडचण इथे आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेला या कायद्याचे संरक्षण नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः काम करून चालवलेला धंदा या अपवादात धरला जात नाही. तुमची एकच नौका आहे आणि तुम्ही किंवा घरचे लोक तिच्यावर जातात, तर ते तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा. अनेक नौका पगारी तांडेलांकरवी चालवणाऱ्या मालकाला हा मार्ग कठीण आहे, त्याने दिवाणी दाव्याचा सल्ला वकिलाकडून घ्यावा.

पैसे न मिळाल्यास दुरुस्ती करणारा काम केलेली वस्तू अडवून ठेवू शकतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० ने त्याला तो हक्क दिला आहे. पण तो हक्क त्याच वस्तूवर, त्याच कामाच्या पैशांपुरता असतो. गेल्या वर्षीच्या जुन्या उधारीसाठी यंदा लेथवर दिलेला शाफ्ट अडवता येत नाही. रकमेवर वाद असेल तर वाद लेखी कळवून पैसे भरा आणि शाफ्ट सोडवा. मोसम बुडवण्यापेक्षा ते बरे.

विमा मिळेल का?

नुसत्या झिजेसाठी मिळणार नाही. सागरी विमा कायदा, १९६३ च्या कलम ५५ नुसार, करारात वेगळे लिहिले नसेल तर नेहमीची झीज विमा कंपनीवर येत नाही. पण पंखा ओंडक्यावर किंवा खडकावर आदळला, शाफ्ट वाकला आणि त्यातून बुश गेला, तर तो अपघात ठरू शकतो. तेव्हा काही उघडण्याआधी कंपनीला लेखी कळवा, फोटो काढा आणि सर्व्हेअर येईपर्यंत भाग हलवू नका. आधी दुरुस्ती आणि मग दावा, या क्रमाने गेलेल्यांचे दावे टिकत नाहीत. झीज वाचायला शिकल्याचा उपयोग इथेही होतो: एका बाजूने झिजलेला शाफ्ट आणि सगळीकडून सारखा झिजलेला बुश दिसला, की सर्व्हेअरला पंख्याची वाकलेली पाती दाखवा.

तुमच्या घरचे तरुण हे काम शिकू इच्छित असतील, तर राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या प्रशिक्षण केंद्रांत सागरी डिझेल इंजिनाची देखभाल शिकवली जाते. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त कार्यालयात चौकशी करा.

आणि एक विनंती. जूनमध्ये नौका वर आल्यावर पहिल्या आठवड्यातच शाफ्ट उचलून बघा आणि लेथवाल्याकडे नंबर लावा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गेलात तर त्याच्याकडे तुमच्या पुढे रांग असेल, चांगला बुश संपलेला असेल आणि पाण्यातली अलाइनमेंट करायला दिवस उरणार नाहीत.